कललेली पाचर

पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी ज्या रंगीत चकत्या मांडतात, त्या करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. पण तो जुगार खेळतात कसा, हे मला आजतागायत ठाऊक नाही. गोव्याच्या हद्दीलगतच्या आमच्या बांद्यात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मालक भाऊशेट तर इतके सोवळे की त्यांच्या घरात पत्त्यांचा जोड आणलेलाही चालत नसे. शेजारणी विचारायच्या, "इंदू, थंय कारखान्यात करतंस तरी काय गो?" मी सांगायची, "मातयेचे पापड." त्या हसायच्या आणि विषय संपायचा.

संपादकांनी "आठवणी लिहा, गमतीदार लिहा" असं कळवलं आहे. गमती आहेत, त्या लिहिते. पण ज्या कारणानं मला या चकत्या विसरता येत नाहीत, ते कारण गमतीचं नाही. तेव्हा वाचकांनी फराळाचं ताट पुढ्यात घेऊन हे वाचायला घेतलं असेल, तर आधी फराळ उरकून घ्यावा.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या क्लबांत जमीनदार आणि साहेबलोक संध्याकाळी पत्ते खेळायला बसत. त्यांच्या चकत्या बोटीनं परदेशातून यायच्या. फुटल्या, हरवल्या की नव्या यायला महिनेच्या महिने लागत. अशाच एका क्लबाचे मॅनेजर मिंगेलबाब आमच्या बाजारात काजूगर घ्यायला यायचे. भाऊशेटांचा तेव्हा लाखेच्या बांगड्यांचा आणि खेळण्यांचा धंदा होता. मिंगेलबाबांनी एक फुटकी चकती खिशातून काढली आणि विचारलं, असं काही करता येईल का? भाऊशेटांनी ती चकती हुंगली, जिभेला लावली, दाढेखाली धरून तिचा तुकडा पाडला आणि म्हणाले, "लाख आसा हेच्यात. आणि माती." एवढ्या परीक्षेवर आमचा कारखाना उभा राहिला.

काम कसं चालायचं ते सांगते. शाडू वस्त्रगाळ करायची, तिच्यात वितळलेली लाख, थोडी राळ आणि रंग घालून गरम असतानाच मळायची. मग तापवलेल्या पत्र्यावर तिची पोळी लाटायची आणि गोल चकत्या कापायच्या. इथवर पापडच. पण क्लबाची चकती नुसती एका रंगाची चालत नाही. ढीग रचला की बाजूनं बघूनही ती कोणती ते ओळखता आलं पाहिजे. म्हणून कडेला खाच पाडायची आणि त्या खाचेत दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवायचा. त्या तुकड्याला आम्ही पाचर म्हणायचो. काळ्या चकतीला लाल पाचरा, निळीला पांढऱ्या. शेवटी ती चकती लोखंडी साच्यात घालून निखाऱ्यावर तापवायची आणि दाबाचं चाक फिरवून दाबायची. बाहेर काढली की खाच आणि पाचर एकजीव झालेल्या असायच्या, नखानंसुद्धा सांधा लागत नसे.

खाच पुरुष पाडायचे, पाचर बायका बसवायच्या. खाच पाडायला बोटभर लांबीचं पोलादी हत्यार असायचं, ती खाचणी. ज्या खाचणीनं खाच पाडायची, तिनंच दुसऱ्या रंगाच्या पोळीतून पाचर कापायची, म्हणजे माप चुकत नाही. खाचणी ज्यानं त्यानं लोहाराकडून आपली आपण घडवून घ्यायची आणि दुसऱ्याच्या खाचणीला हात लावायचा नाही. हा आमच्याकडचा कडक रिवाज होता. खंडेनवमीला पूजासुद्धा प्रत्येकाच्या हत्याराची वेगळी व्हायची. कोणाची खाचणी खाली पडली तरी ज्याची त्यानंच उचलायची. मला हा रिवाज फार आवडायचा. गरीब माणसाचं स्वतःचं असं एवढं तरी काही होतं.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. आता मी म्हातारी झाले, घेते. माझ्या यजमानांचं नाव दत्ताराम. ते खाच पाडायचे आणि त्यांनी पाडलेल्या खाचेत मी पाचर बसवायची. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात भाऊशेटांनी मला त्यांच्या शेजारच्या पाटावर बसवलं. घरी सासूसमोर आम्ही एकमेकांशी धड बोलायचोही नाही, पण कारखान्यात दिवसभर त्यांची चकती माझ्या हातात यायची. माझ्या संसारातला सगळ्यात बरा काळ तोच, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता आमच्या कामातल्या खोडींविषयी सांगते. हातानं केलेली पाचर कधीच तंतोतंत बसत नाही. साचा जास्त तापला की पाचरेचा रंग चकतीत पसरायचा. तिला आम्ही रडवी म्हणायचो. पाचर पुरेशी खोल गेली नाही, तर ती चकतीच्या एका अंगाला दिसायची आणि दुसऱ्या अंगाला नाही. ती आंधळी. आणि पावसाळ्यात माती ओल धरायची, तेव्हा एखादी पाचर चार दिवसांनी आपसूक सुटून बाहेर यायची. तिला आमच्या बायकांनी नाव दिलं होतं माहेरवाशीण. रडव्या, आंधळ्या आणि माहेरवाशिणी वेगळ्या काढून पुन्हा वितळवायच्या. आता म्हणे जुन्या चकत्या जमवणारे हौशी लोक निघाले आहेत आणि त्यांना नेमक्या याच हव्या असतात. आमच्या वेळी एक जरी चुकून क्लबात गेली, तर भाऊशेट आमचा उद्धार करायचे.

एक मात्र मुद्दाम जायची. मिंगेलबाबांच्या क्लबात एक बडे भाटकार, म्हणजे जमीनदार, होते. त्यांना एकदा चुकून आंधळी चकती मिळाली आणि त्या दिवशी ते म्हणे खूप जिंकले. तेव्हापासून मिंगेलबाब दर खेपेला भाऊशेटांच्या कानाशी लागून सांगायचे, "शेट, एक कुड्डी घाल रे." कुड्डी म्हणजे आंधळी. मुद्दाम आंधळी पाचर बसवणं हे चांगली बसवण्यापेक्षा अवघड. ते काम माझ्याकडे असायचं. सगळ्या शहाण्या चकत्यांत एक वेडी घडवायची आणि त्याचंच कौतुक करून घ्यायचं, असा तो मामला. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

हळूहळू आम्ही चकती बघून ती कोणी केली ते ओळखायला लागलो. कोणाची पाचर जाडी, कोणाची कोपऱ्यात गोल. आम्ही म्हणायचो, हा अमक्याचा हात. आणि सगळ्यांत सहज ओळखू यायचा तो दत्तारामांचा हात. त्यांची पाचर कललेली असायची. एक बाजू सरळ आणि दुसरी उजवीकडे झुकलेली, जशी उभ्यानं पेंगणाऱ्या माणसाची मान. पुढून रुंद, पाठून जरा अरुंद. ते डावरे होते, डाव्या हातानं ठोका मारायचे, त्यामुळे असं होतं, असं सगळेच म्हणायचे. भाऊशेटांनी आधी कुरकुर केली, पण मिंगेलबाबांना ती पाचर आवडली. नक्कल करणाऱ्याला असली पाचर जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग भाऊशेट गप्प बसले. डावऱ्याच्या हत्याराला तर आमच्याकडे कोणी गमतीनंही हात लावला नसता. ते अशुभ समजायचे.

पंचावन्न सालच्या पावसाच्या आधी भाऊशेटांना काटकसरीचं वेड लागलं. लाल रंग गोव्याहून यायचा आणि हद्दीवर कटकटी वाढल्या होत्या. त्यांनी विचार केला, आपल्या कातळावर एवढी काव फुकट पडली आहे, तीच वापरू. काव म्हणजे आपली घरं सारवताना कडेला ओढतात ती लाल माती. दिसायला सुरेख दिसली. पण काव लाख पिऊन टाकते आणि थंड झाली की आकसते, हे आमच्यातल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. पाऊस लागला आणि क्लबातल्या चकत्या रडायला लागल्या. कोणा पोर्तुगीज अंमलदाराच्या पांढऱ्या पाटलोणीला तांबडी बोटं लागली आणि क्लबात हसंच हसं झालं. आम्हीही ते ऐकून पोट धरधरून हसलो. मी तर सगळ्यांत जास्त हसले.

मग मिंगेलबाबांचा निरोप आला. पाचरा गळून पडत आहेत, माणूस आणि हत्यारं पाठवा, इथं बसून दुरुस्ती करून द्या, नाहीतर पुढचं काम विसरा. क्लबाचं काम गेलं की कारखाना बंद, इतकं ते उघड होतं. भाऊशेट सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. हद्दीवर तेव्हा वातावरण तापलं होतं. सत्याग्रही जात होते, पलीकडून बंदुका रोखलेल्या होत्या. दत्ताराम म्हणाले, "मी जातंय."

घरी मी त्यांची वाट अडवली. "अशात कित्याक जातास? हद्दीर पोलीस आसत."

"माझ्या खाचेतसून पाचर पडली," ते म्हणाले. "दुसरो कोण जातलो?"

"पाचर मी बसयलंय. मगे मीच जातंय."

ते हसले. माझ्याकडे बघून घरात हसण्याची त्यांना सवय नव्हती. सासू दारात होती, म्हणून लगेच तोंड फिरवून म्हणाले, "चवथीक हयसर आसतलंय."

खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यावर इरलं. रानवाटेनं जाणार होते. तेवढंच माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर आठवड्याभरात हद्द पुरती बंद झाली, आणि गणपतीची चवथ आली तरी ते आले नाहीत.

पुढं काय झालं म्हणाल, तर जितकी माणसं तितक्या बातम्या. एक गुराखी म्हणाला, नदी उतरताना पाहिलं, पाणी फार होतं. एक मासळीवाली म्हणाली, पलीकडच्या चौकीवर लोखंडी हत्यारांसकट एकाला धरलाय, हेर म्हणून. मिंगेलबाबांचा निरोप फिरून फिरून आला, तुमचा माणूस क्लबापर्यंत पोचलाच नाही. भाऊशेट मला कचेरीत घेऊन गेले. तिथं कारकुनानं शुद्ध मराठीत समजावलं, "बाई, पलीकडचं राज्य परकीय. तिथला माणूस आहे की नाही, याचा दाखला आम्ही कसा देणार?" मी म्हटलं, "अहो, ते इकडचे आहेत." त्यावर तो म्हणाला, "पण आता तिकडे आहेत ना?" ते तिकडे आहेत असं सांगणारा तो पहिलाच सरकारी माणूस, म्हणून मूर्खासारखा मला थोडा आनंदच झाला.

मी सवाष्ण की विधवा, हे सांगणारं कोणी नव्हतं. वटपौर्णिमेला मला बोलवावं की नाही, याचा बायकांना प्रश्न पडायचा. बोलवायच्या, पण ओटी भरताना डोळे चुकवायच्या. भटजींनी सांगितलं, बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची. माझी सासू त्यांच्या अंगावर धावून गेली होती. कारखाना चालू होता. गोव्याचं काम गेलं तरी बेळगाव-मुंबईचं थोडं मिळत होतं. भाऊशेटांनी मला काढलं नाही. शेजारच्या पाटावर दुसरा माणूस बसवला. त्याच्या खाचेत पाचर बसवताना मला रोज लाज वाटायची. हे कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

काही वर्षं अशी गेल्यावर काइतान नावाचा एक तारवटी कारखान्यात आला. तो बोटीवर आचारी होता. हद्द बंद असली तरी बोटीवरचे गोंयकार मुंबईमार्गे कसेबसे घरी जाऊन येत. त्याच्या बोटीवरचे लोक वेळ घालवायला पत्ते खेळायचे आणि त्यांच्या चकत्या कमी पडत होत्या. त्यानं नमुना म्हणून दोन चकत्या पाटावर टाकल्या. हिरव्या चकत्या, पिवळ्या पाचरा.

मी एक उचलून उजेडात बघितली. पाचर कललेली होती. एक बाजू सरळ, दुसरी उजवीकडे झुकलेली, पाठून जरा अरुंद.

भाऊशेटांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि पाटावरच बसले. "ह्यो दतूचो हात," ते म्हणाले. एकेकानं येऊन बघितली. कोणालाच शंका आली नाही. आणि ही आमच्याकडची जुनी चकती असणं शक्यच नव्हतं. हिरवा रंग आम्हाला कधी जमलाच नव्हता. लाखेत घातला की तो काळा पडायचा. म्हणजे ही चकती नंतर, दुसरीकडे झाली होती.

"ह्यो खंय गावल्यो?" भाऊशेटांनी विचारलं.

"म्हापशें," काइतान म्हणाला. "थंय एक मेस्त करता. गेल्या वर्सा घेतिल्ल्यो."

म्हणजे गेल्या वर्षी ते जिवंत होते. मला पहिला विचार आला तो असा की, हिरवा रंग यांना जमला! त्याचा अभिमान वाटला. हे लिहिताना आता मलाच माझी कीव येते.

चकती घेऊन मी धावत घरी गेले. सासूची नजर अधू झाली होती. तिनं चकती अगदी डोळ्यांशी नेऊन कड बघितली, पुन्हा बघितली आणि रडायला लागली. "जितो आसा. माझो झिल जितो आसा." मग थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं माझ्याकडे बघितलं. "मगे घराक कित्याक येणा नाय? दुसरी केली आसतली थंय, मेल्यान."

"केली तर केली," मी म्हटलं. "जिते आसत मां?"

असं म्हटलं खरं, पण त्यानंतर माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. मी त्यांची वाट बघायची आणि त्यांना शिव्याही द्यायची. म्हापसा काय सातासमुद्रापलीकडे आहे? तिथून चकत्या बोटीवर पोचतात आणि एक शब्द बायकोला पोचत नाही? पाचर ठोकताना मी त्या न पाहिलेल्या बाईला ठोकायची. ती कशी दिसत असेल, फ्रॉक घालत असेल का, त्यांनी पाडलेल्या खाचेत तीच पाचर बसवत असेल का, असले विचार करत बसायची. आणि तरीही सकाळी उठून कुंकू लावताना बरं वाटायचं. हे कुंकू खरं आहे, याचा पुरावा माझ्याकडे ट्रंकेत लुगड्याच्या घडीत होता.

काइतानबरोबर निरोप दिले, ते पोचले की नाही देव जाणे. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. बांद्यातून लष्कराच्या गाड्या गेल्या, लोकांनी पेढे वाटले. मी कोणाच्या आनंदात नव्हते. वाटा सुरळीत झाल्यावर भाऊशेट म्हणाले, "चल, इंदू. आता बघून येवया." निघताना सासू म्हणाली, "ती बाई आसली तर तिच्याकडे बघू नको. तेका नुसता सांग, आवस अजून जिती आसा." आवस म्हणजे आई. मी ठरवलं होतं, आधी कडकडून भांडायचं आणि मग रडायचं. वाटेत मी भांडणाची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

म्हापशात विचारत विचारत आम्ही त्या मेस्ताचं, म्हणजे कारागिराचं, घर शोधलं. घराच्या मागे पडवीत एक म्हातारा कामाला बसला होता. नाव आंतोन. शेजारी लाखेची कढई, पुढ्यात हिरवी पोळी. पडवीत दुसरं कोणी नव्हतं. मी तरी आत, कोपऱ्यात, दाराआड बघत होते. घरातून एक बाई डोकावली, तीही म्हातारी. भाऊशेटांनी विचारलं, तुमच्याकडे कामाला दत्ताराम नावाचा माणूस आहे का? आंतोन म्हणाला, "ना. हांव एकटोच."

मग माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. खाचणी. मुठीला फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती, माझ्या जुन्या लुगड्याचा काठ. घाम येऊन मूठ सटकते म्हणून मीच फाडून दिला होता. मळून काळा झाला होता, पण आपलं लुगडं बाईला ओळखू येणार नाही का?

"ही खंयची?" मी विचारलं.

"म्हापश्याच्या बाजारांत मेळ्ळी, भंगारवाल्याकडेन. शीम बंद जाली न्हय, ताचे उपरांत." आंतोन म्हणाला. शीम म्हणजे हद्द. भंगारवाल्यानं कुठून आणली, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो भंगारवालाही आता राहिला नव्हता. मग त्यानं खाचणी उजव्या हातात धरून एका चकतीवर ठोका मारला, जसं आम्ही गिऱ्हाईकच आहोत. "पळय, वांकडी मारता ती. हांवें सारकी करपाक सोदली, जाली ना." म्हणजे तिरकी मारते, सरळ करायला बघितली, पण झाली नाही.

मी ती चकती बघितली. कललेली. आणि मारणारा माणूस उजवा.

मी म्हटलं, "माका दी." त्यानं खाचणी दिली. जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याच्या हत्याराला हात लावला. मी उजव्या हातानं ठोका मारला, मग पोळीतून पाचर कापली आणि बसवली. माझ्या हातून दत्तारामांची पाचर उतरली. एक बाजू सरळ, दुसरी उजवीकडे झुकलेली. मी पुन्हा मारली, पुन्हा तीच. कोणीही मारली असती तरी तीच आली असती. लोहारानं ती घडवतानाच एक धार कलती ठेवली होती, एवढंच त्यातलं गुपित. आम्ही ज्याला हात म्हणत होतो, ते लोखंड होतं. आणि एकमेकांच्या हत्याराला हात न लावण्याचा आमचा तो लाडका रिवाज, त्यामुळे ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. इतकी वर्षं मी त्या लोखंडावर रागावत होते, त्याच्यासाठी कुंकू लावत होते.

भाऊशेट भिंतीकडे तोंड करून उभे होते. आंतोनला काय झालं ते कळेना. त्याच्या बायकोनं मात्र पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मनात जिच्याशी भांडण मांडलं होतं, ती बाई जगात कुठेच नव्हती. ती असती, फ्रॉकवाली, तरणी, कशीही असती, तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

निघताना आंतोननं खाचणी माझ्या हातात दिली. म्हणाला, "व्हर," म्हणजे घेऊन जा. बदल्यात काही घेतलं नाही. परतीच्या गाडीत भाऊशेट एकदाच बोलले, "काव मी वापरलंय, इंदू." त्यांना माफ करण्याची ताकद माझ्यात नव्हती, आणि दोष देण्याचीही उरली नव्हती.

सासू दारापुढच्या खळ्यात उभी होती. आम्ही दोघंच येताना दिसलो तरी ती आमच्या मागच्या वाटेकडे बघत राहिली. मी खाचणी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिनं मूठ चाचपली, धार चाचपली. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल, मग मीही फोडीन. मी कुंकू पुसायला कपाळाकडे हात नेला, तशी तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे.

"हात लावशीत तर माझा मेलेला तोंड बगशीत," ती म्हणाली. "माणसाचा हत्यार हरवता. म्हणान माणूस मेलो असा खंय आसा? तुका कोणी मडा दाखयलान?"

कोणी दाखवलं नव्हतं. मी हात खाली घेतला.

पुढं प्लास्टिकच्या चकत्या आल्या. सगळ्या सारख्या, एकीतही खोड नाही. भाऊशेटांनी कारखाना आधी अर्धा केला, मग बंद केला. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी येऊन गेले, सासूनं त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही. ती जिवंत होती तोवर मी रोज सकाळी कुंकू लावत राहिले, हळदीकुंकवाला जात राहिले, आणि तिच्यासमोर एकदाही रडले नाही. ती मला विचारायची, "आज येयत काय गो?" आणि मी सांगायची, "येतले."

एका पावसाळ्यात ती गेली. तिला बाहेर काढलं, आणि मी अंगणात बसून जे रडायला लागले ते मला थांबवता येईना. कपाळ मी तेव्हाच पुसलं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका अजून सांगतात, सासूसाठी एवढं रडणारी सून आम्ही बघितली नाही.